‘लग्न झालं की होईल ठीक’

गेल्या वर्षी बकरी ईदनंतरची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. धुळ्यातल्या आमच्या घरी जाऊबाई आणि मी दस्तरखान आवरत होतो. पुतणी आतल्या खोलीत तोंडावर ओढणी घेऊन पडून होती. जाऊबाईंनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “चार महिने झाले, तिला पाळी नाही. हनुवटीवर केस यायला लागलेत. कॉलेजला जायचं नाही म्हणते. कुणाला सांगू नकोस. मी ठरवलंय, या वर्षात एखादा चांगला रिश्ता बघून टाकायचा. लग्न झालं की होईल ठीक.”

माझ्या हातातली ताटं मी तशीच खाली ठेवली. हेच वाक्य मी अठरा वर्षांपूर्वी जळगावात, माझ्या अम्मीच्या तोंडून ऐकलं होतं. त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी काय काय केलं आणि काय काय लपवलं, ते या घरात माझ्या पतीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

भगिनींनो, आज ते सगळं लिहिते आहे. पुतणीला हा मजकूर आधी वाचून दाखवला आहे आणि तिची परवानगी घेतली आहे.

मला पाळी तेराव्या वर्षी आली. पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होत राहिली. तेवढं चालतं, असं सगळ्याच आया सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण सतराव्या-अठराव्या वर्षी दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी यायची नाही आणि आली की पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही. वजन वाढत होतं. मानेवर काळपट, जाडसर पट्टा आला होता. अम्मीला वाटायचं, मी नीट अंघोळ करत नाही. बेसन आणि लिंबू लावून ती माझी मान घासायची. मान लाल व्हायची, जळजळायची, पण पट्टा तिथेच. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की मानेवर, काखेत कातडी अशी काळी, मखमलीसारखी होते, हे मला पुढे सात वर्षांनी कळलं.

अम्मीने डॉक्टरकडे नेलं नाही, याचा राग मला बरीच वर्षं होता. आता तिची भीती समजते. कुमारिका मुलीला बाईच्या डॉक्टरकडे नेताना मोहल्ल्यात कुणी पाहिलं तर? आतून तपासणी केली तर? गोळ्या दिल्या आणि त्या संततिनियमनाच्या निघाल्या तर? या तीन प्रश्नांपोटी तिने मला ओळखीच्या कुणाकडून तरी पुड्या आणून दिल्या. तीन महिने घेतल्या. त्यात काय होतं, ते अल्लाहलाच ठाऊक. फरक काही पडला नाही.

मग मीच उपाय शोधला. एका उन्हाळ्यात तीन आठवडे फक्त काकडी, टरबूज आणि लिंबूपाणी यांवर राहिले. जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४४-४५ वर जातो. वजन चार किलो उतरलं. सगळ्यांनी कौतुक केलं. चौथ्या आठवड्यात नमाजला उभी असताना चक्कर येऊन पडले. पुढच्या दोन महिन्यांत केस मुठीमुठीने गळले आणि उतरलेलं वजन दोन किलो वर घेऊन परत आलं. तेव्हा मी स्वतःला नफ्सची कमजोर, खादाड मुलगी समजत होते. त्या समजाने जेवढं दुःख दिलं, तेवढं आजारानेही दिलं नाही.

तेविसाव्या वर्षी धुळ्याचा रिश्ता आला. माणसं चांगली, शिकलेली. मला वाटलं, यांना सांगावं. अम्मी म्हणाली, “वेडी आहेस का? जे लग्नानंतर ठीकच होणार आहे, ते सांगून रिश्ता का घालवायचा?” निकाह झाला. एरंडोल, पारोळा मागे टाकत मी जळगावहून धुळ्याला आले. सोबत जहेजच्या पेटीत तीन महिन्यांची काळजीही आली, कारण त्या वेळीही माझी पाळी थांबलेलीच होती.

लग्नाने काही ठीक झालं नाही. व्हायचं कारणही नव्हतं. पहिल्या सहा महिन्यांतच ‘काही खुशखबर?’ सुरू झालं. पाळी उशिरा आली की सासूबाई आशेने माझ्याकडे पाहायच्या आणि मी आणखी खचायची. दीड वर्षाने एका रात्री मी यांना सगळं सांगून टाकलं. हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरकडे जाऊ. आधी माझीही तपासणी करू, दोघांचं बघायला हवं ना.” त्या एका वाक्यासाठी मी आजही यांच्यासाठी दुआ करते. मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिली बोटं बाईकडे जातात. पुरुषाची तपासणी सोपी असते, स्वस्त असते आणि तीच सगळ्यात शेवटी होते.

पण धुळ्यात कुणी बघेल म्हणून आम्ही माहेरी जायच्या निमित्ताने जळगावच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जायचं ठरवलं. गोळ्या मी शिलाईच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवायची.

त्या डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत अर्धा तास दिला. माझं वजन ६८ किलो, उंची पाच फूट एक इंच. कमरेचा घेर ९१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या स्त्रियांचा तो ८० च्या आत असावा, असं त्यांनी सांगितलं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घेतलं, कारण पाळी त्यांच्यामुळेही बिघडते. उपाशीपोटी आणि ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी, अशी साखर तपासली. रक्तदाब पाहिला. सोनोग्राफी केली. मग कागदावर चित्र काढून समजावलं.

या आजाराचं नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. नावात ‘सिस्ट’ आहे म्हणून आपण घाबरतो, गाठी आहेत, ऑपरेशन करावं लागेल असं वाटतं. खरं तर त्या गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात बारीक फोडांसारख्या पिशव्यांतून एक अंडं पिकून बाहेर पडायला हवं. ते पिकत नाही आणि अर्धवट वाढलेल्या पिशव्या तशाच राहतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच.

हे का होतं? सगळी कारणं एकच नाहीत. घराण्यातून येणारा वाटा मोठा आहे. माझ्या अब्बांना आणि फुफीला साखरेचा आजार होता. आपण जेवलो की रक्तात साखर येते. इन्सुलिन ती साखर पेशींमध्ये पोहोचवतं. माझ्यासारख्या पुष्कळ बायकांच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं अधिक बनवायला लावतं. ती प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असतातच, पण वाढली की हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरूम आणि अंडं पिकायचं थांबणं, हे सगळं सुरू होतं. म्हणजे गडबड फक्त पोटात खाली नव्हती. जेवणाच्या ताटापासून पायांच्या स्नायूंपर्यंत सगळं त्यात आलं होतं. म्हणूनच ताट आणि चालणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “हे फक्त मलाच का?” त्या हसल्या. मुंबईत १५ ते २४ वर्षांच्या मुलींची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका निकषाने पाहिलं तर शंभरात सुमारे २२ आणि दुसऱ्या, कडक निकषाने सुमारे ११ मुलींना हा आजार निघाला. त्यातल्या बऱ्याच मुली जाड नव्हत्या. पुढे २०२४ मध्ये देशभरातल्या १८ ते ४० वयाच्या स्त्रियांचा मोठा अभ्यास आला, त्यातही निकषानुसार शंभरात ७ ते २० असंच चित्र दिसलं. आपल्या मोहल्ल्यातल्या वीस घरांत बघा, दोन-तीन मुली तरी असतील. प्रत्येकीला वाटतं आपण एकट्याच.

“मुळापासून जाईल का?” हा माझा पुढचा प्रश्न. “नाही,” त्या म्हणाल्या. “पण सांभाळता येतो. साखरेचा आजार सांभाळतात तसा. आणि तुला वीस किलो उतरवायचं नाहीये. आहेस त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ बायकांची पाळी सुधारते.” माझ्या बाबतीत पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. काकडी-लिंबूवाल्या उन्हाळ्यात मी चार किलो उतरवलेच होते की! फरक एवढाच, की या वेळी ते परत येऊ द्यायचं नव्हतं.

आता ताटाचं सांगते.

मला वाटलं होतं, ओट्स, ऑलिव्ह तेल, परदेशी बिया असा काहीतरी महागडा कागद हातात पडेल. तसं काही झालं नाही. या आजारासाठी अमुक एकच आहार सगळ्यांत चांगला, असं सिद्ध झालेलं नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटलं आहे. जो आहार पौष्टिक आहे, घरात बनतो आणि वर्षानुवर्षं खाता येतो, तोच आपला.

आपल्या खानदेशात तो आहेच. माझी नानी यावल तालुक्यातली. ती रोज कळण्याची भाकरी खायची. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, मीठ घालून दळलेलं पीठ. सोबत ठेचा, कांदा, वांग्याचं भरीत. आम्ही शहरात आलो आणि ती भाकरी ‘गावाकडची’ झाली. दस्तरखानावर भात, मैद्याच्या रोट्या, पाव आले. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाहीत. उडदात प्रथिनं भरपूर. तंतू आणि प्रथिनं सोबत असली की साखर रक्तात हळूहळू उतरते, इन्सुलिनची एकदम भरती येत नाही. गहूही दुश्मन नाही. चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात तंतू ज्वारीइतकेच असतात. आपण बारीक चाळणीने चाळून तो फेकतो, ती चूक.

मी ताटाचे भाग पाडले. अर्धं ताट भाजी आणि कच्चं: मेथी, पालक, गवार, वांगं, काकडी, कांदा. पाव ताट डाळ, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात, दोन्ही नाही. आमच्या घरी बिर्याणी शुक्रवारी होतेच. मी ती सोडली नाही. सोडली असती तर तिसऱ्या शुक्रवारी दुप्पट खाल्ली असती. आधी कोशिंबीर आणि बोटी, मग एक लहान वाटी भात, एवढा क्रम बदलला. भरीत करताना तेलाची पळी निम्मी केली. शेवभाजी महिन्यातून एकदा.

केळ्याचं मात्र मन मोडलं नाही. जळगावची मुलगी आणि केळी बंद, असं कसं चालेल? डॉक्टर बाई म्हणाल्या, “एक खा, सकाळी खा, चार शेंगदाण्यांसोबत खा. साखर घातलेलं शिकरण आणि मिल्कशेक मात्र नको.”

सगळ्यात मोठा चोर निघाला चहा. एकत्र कुटुंब, पाहुणे, प्रत्येकाबरोबर अर्धा कप. मी एक दिवस मोजले तर सहा कप झाले. कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. दिवसाची ६० ग्रॅम, महिन्याची १ किलो ८०० ग्रॅम! फक्त चहातून. मी एकदम बंद केली नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. दोन महिन्यांत कप दोनवर आणि साखर शून्यावर आली. आता कुणाकडे गोड चहा मिळाला तर तोच जड जातो.

रमजानचं वेगळं सांगायला हवं. रोज्यात वजन उतरेल असं वाटतं आणि ईदला कपडे घट्ट होतात. कारण इफ्तारला भजी, समोसे, सरबताचे दोन-तीन ग्लास आणि सहरीला घाईघाईने चहा-पाव. आता मी खजूर एक-दोन आणि पाण्यावर रोजा सोडते, फळं, एखादी वाटी डाळीचं किंवा चिकनचं सूप घेते आणि मगरिबनंतर नेहमीचं ताट. तळलेलं आठवड्यातून एकदा. सहरीला भाकरी, दोन अंडी, वाटीभर दही. यामुळे दुपारपर्यंत भूक आणि डोकेदुखी दोन्ही कमी झाल्या. ज्या भगिनी मेटफॉर्मिन किंवा साखरेच्या इतर गोळ्या घेतात, त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून वेळा आणि मात्रा ठरवून घ्याव्यात. मनाने गोळी सोडू नये, मनाने वेळ बदलू नये. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण आपण तकरीरीत नेहमी ऐकतो. इफ्तारच्या वेळी ती आठवली तरी निम्मा पथ्याचा कागद फाडून टाकता येईल.

आता चालण्याचं.

वजन एक ग्रॅमही कमी झालं नाही तरी व्यायामाचा उपयोग होतो, हे मला माहीत नव्हतं. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. म्हणजे नेमकी जी गोष्ट आमच्या शरीरात अडली आहे, तिला पायी चालणं बगल देतं. प्रौढ स्त्रीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालावं किंवा तेवढाच दम लागेल असं काही करावं. वजन उतरवायचं असेल तर २५० मिनिटांपर्यंत न्यावं. शिवाय आठवड्यातून दोन दिवस, सलग नाही, स्नायूंना जोर देणारा व्यायाम करावा. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी रोज एक तास खेळणं, धावणं, दोरीवरच्या उड्या. भरभर चालणं कसं ओळखायचं? चालताना बोलता यावं, पण नात म्हणता येऊ नये इतका दम लागावा.

“घरकाम काय कमी असतं का?” असं मीही म्हणाले होते. कष्ट असतात, पण दहा मिनिटं इथे, पाच तिथे, उभ्याने. दम लागत नाही. आणि नमाज ही इबादत आहे, तिचा हिशेब व्यायामात धरू नये.

माहेरी असताना मेहरूण तलावाकाठी फजरनंतर बायका फिरताना दिसतात, तिथे मीही जायची. धुळ्यात आमची गल्ली अरुंद, सकाळी टपरीवर माणसं बसलेली, बुरख्यात झपझप चालणाऱ्या सुनेकडे सगळ्यांच्या नजरा. मला ते जमेना. मग गच्ची सापडली. लांबी चाळीस फूट. एक जाणं-येणं म्हणजे ऐंशी फूट. शंभर फेऱ्या म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर, अर्धा तास लागतो. खडूने भिंतीवर दहा-दहाच्या रेघा मारायची. उन्हाळ्यात फजरनंतर लगेच, कारण सात वाजता गच्ची तापू लागते. घरच्यांना सांगितलं, पापड-बिबड्यांची वाळवण बघायला जाते. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीला धरून उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड आणि पाण्याच्या भरलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या उचलणं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, डंबेल विकत घ्यायची गरज नाही. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात शतपावली. दाम काही नाही, लाज थोडी.

पहिले दोन महिने काटा हलला नाही. रडून सोडून द्यायच्या बेतात होते. पण कमरेचा घेर दोन सेंटिमीटर उतरला होता आणि दुपारची ती विचित्र झोप गेली होती. आठ महिन्यांत पाच किलो उतरले. ऐंशी-नव्वद दिवसांनी येणारी पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांवर आली. मानेचा पट्टा फिका झाला. बेसन न लावता. हनुवटीचे केस मात्र गेले नाहीत. आलेले केस पथ्याने जात नाहीत, ते काढावेच लागतात.

आणि खरं ते सांगते, सगळं ताटाने आणि गच्चीने झालं नाही. मेटफॉर्मिन घेतली. अंडं पिकण्यासाठीच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागल्या. लग्नाच्या चौथ्या वर्षी अल्लाहने मुलगी दिली. सातव्या महिन्यात गरोदरपणातली साखर निघाली, तीही सांभाळली. ती या आजारात जास्त दिसते, म्हणून तपासणी चुकवू नये. आजही वर्षातून एकदा मी साखर आणि रक्तदाब तपासते. मधल्या काळात दोनदा पथ्य सुटलं, तीन किलो परत आले, पुन्हा गच्चीवर गेले.

एवढं सगळं करूनही तेरा वर्षं मी घरात तोंड उघडलं नाही. शिलाईचा डबा तसाच राहिला. आणि परवा जाऊबाई तेच वाक्य बोलल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी गप्प बसले तर पुतणीचं वय अठरा, पुढच्या वर्षी निकाह, मग तिची काकडी-लिंबू, तिचा डबा, तिच्या पुड्या. माझ्या निकाहात ती पाच वर्षांची होती, माझ्या मांडीवर बसून मेंदी लावून घेतली होती. फजरनंतर मी सासूबाई आणि जाऊबाई, दोघींना चहाला बसवलं. शिलाईचा डबा आणून समोर ठेवला आणि उघडला.

सगळं सांगून झाल्यावर कुणी बोलेना. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई बराच वेळ रिळांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तेव्हा सांगितलं असतंस तर मी हा रिश्ता केला नसता.” माझ्या छातीत धस्स झालं. त्या पुढे म्हणाल्या, “आणि ती माझी केवढी मोठी चूक झाली असती.” थोड्या वेळाने आणखी एक वाक्य बोलल्या, “तुला मुलासाठी मी किती टोचून बोलले गं.”

मी या उत्तरावर खूप विचार केला आहे. अम्मीची भीती खोटी नव्हती, सांगितलं असतं तर खरंच नकार आला असता. तरीही मी आता माझ्या मुलीला आणि पुतणीला सांगेन, बोलणी पक्की होण्याआधी स्पष्ट सांगा. हा आजार म्हणजे वांझपण नाही. पुष्कळ जणींना आपोआप दिवस जातात, काहींना गोळ्यांची मदत लागते. ज्या घराला एवढं ऐकून घेता येत नाही, त्या घरात तेरा वर्षं डबा लपवत राहणं किती जड असतं, ते मला विचारा. आणि मुलांच्या आयांनो, नकार देण्याआधी एवढंच आठवा, की तुमच्या घरातही मुली आहेत.

त्या आठवड्यात आम्ही तिघी पुतणीला घेऊन डॉक्टरकडे गेलो. धुळ्यातच, उघडपणे. जाऊबाईंच्या तीनही भीती तिथे निघाल्या. आतून तपासणी झाली नाही. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेतही नाहीत, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही तशा पिशव्या दिसतात. आणि कधी करावी लागलीच तर कुमारिकेची पोटावरून, लघवी भरून ठेवून करतात. पाळी नियमित करण्याच्या गोळ्या त्याच असतात ज्या संततिनियमनाला वापरतात, हे खरं आहे, पण इथे त्या औषध म्हणून असतात. नव्वद दिवसांहून अधिक काळ पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे जाऊन त्याचा धोका होतो. म्हणून ते साचू द्यायचं नाही.

आयांसाठी एक हिशेब लिहून ठेवते. पहिल्या पाळीनंतर एक वर्ष काहीही मागेपुढे झालं तरी चालतं. एक ते तीन वर्षांत २१ दिवसांहून लवकर किंवा ४५ दिवसांहून उशिरा येत असेल, तीन वर्षांनंतर ३५ दिवसांहून उशिरा येत असेल किंवा वर्षाला आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर डॉक्टरकडे जा. घरात कॅलेंडरवर मुलीला बारीक खूण करायला शिकवा. नमाज आणि कजा रोज्यांचा हिशेब ठेवायला तिला ती खूण तशीही लागते. रक्तस्राव दिवसेंदिवस थांबत नसेल तर नमाजचं काय, हा प्रश्न मनात कुढत ठेवू नका, जाणकार आलिमांना किंवा आलिमा बहिणीला विचारा. हजरत फातिमा बिन्त अबू हुबैश (रजि.) यांनी हाच प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारला होता आणि त्यांना स्पष्ट उत्तर मिळालं होतं. ज्या समाजाच्या पहिल्या पिढीतल्या स्त्रिया एवढं मोकळेपणाने विचारत होत्या, त्याच्या मुलींनी पुड्या का खाव्यात?

आणि मुलीच्या मनाकडेही बघा. या आजारात उदासी आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. पुतणी ओढणी घेऊन पडायची ती आळसाने नव्हे. ‘जाडी’, ‘दाढीवाली’ असं चेष्टेतही घरात कुणी म्हणू नये, हा नियम सासूबाईंनी स्वतः केला आहे.

आता दहा महिने झाले. पुतणी कॉलेजला जाते. तिची पाळी अजून पूर्ण नियमित नाही, वजन दोन-अडीच किलोच उतरलं आहे. डॉक्टर म्हणतात, दिशा बरोबर आहे. तिचा रिश्ता बघणं जाऊबाईंनी पदवी होईपर्यंत थांबवलं आहे. सासूबाईंना स्वतःला साखर आहे, त्यामुळे कळण्याच्या पिठाची गोणी आता घरात सगळ्यांसाठीच येते.

सकाळी गच्चीवर आम्ही चौघी असतो. सासूबाई तीस फेऱ्या करून पायरीवर बसतात आणि आमच्या मोजतात. माझी नऊ वर्षांची मुलगी खडूने भिंतीवर रेघा मारते. शिलाईच्या डब्यात आता फक्त रिळं आहेत.